स्मॅश २००० प्लस: ट्रिगर दाबल्यावरही न सुटणारी गोळी

शंभर मीटरवरून आडव्या जाणाऱ्या ड्रोनवर रायफल रोखली, तर नेम ड्रोनवर धरून काहीच हाती लागत नाही. हिशेब सोपा आहे. साधं क्वाडकॉप्टर, म्हणजे चार पंख्यांचा ड्रोन, पात्यांसकट ३५ सेंटिमीटरच्या आसपास असतं. वेग ताशी ५४ किलोमीटर धरला तर सेकंदाला १५ मीटर झाले. एके-२०३ रायफलीची ७.६२×३९ मिमी गोळी सेकंदाला ७०० मीटरहून थोड्या जास्त वेगाने नळीबाहेर पडते आणि शंभर मीटर गाठायला तिला साधारण ०.१५ सेकंद लागतात. तेवढ्यात ड्रोन सव्वादोन मीटर पुढे गेलेला असतो. सहा ड्रोन एकाला एक लावून ठेवले तर जेवढी रांग होईल, तेवढं पुढे, मोकळ्या आभाळात नेम धरायचा. तिथे ना झाड, ना खांब. अदमास घ्यायला काहीच नाही. दोनशे मीटरवर हेच अंतर पाच मीटरच्या घरात जातं. मुरलेला नेमबाजही इथे अंदाजपंचे दाहोदरसेच करतो.

या अडचणीवरचं आज बरंच खपणारं उत्तर म्हणजे इस्रायलच्या स्मार्ट शूटर कंपनीची 'स्मॅश' साइट, म्हणजे रायफलीवर बसवायचं नेम धरायचं साधन. इस्रायली सैन्यात तिला 'पिग्योन', म्हणजे कट्यार म्हणतात. भारतीय नौदलाने 'स्मॅश २००० प्लस' हे तिचं रूप घेतल्याची बातमी डिसेंबर २०२० मध्ये आली. ब्रिटिश लष्कराने २०२३ मध्ये चौपट मोठं दाखवणाऱ्या 'एक्स ४' रूपाच्या २२५ साइट ४६ लाख पौंडांना घेतल्या, आणि मे २०२५ मध्ये अमेरिकी लष्कराने '२००० एल' साठी १ कोटी ३० लाख डॉलरचं कंत्राट दिलं. तेव्हा वस्तू खेळण्यातली नाही. पण बातम्यांत तिला 'स्वतः नेम धरणारी रायफल' म्हणतात, ते मात्र चूक आहे, आणि ही चूक घेऊन विकत घ्यायला गेलं की अपेक्षा भलत्याच होऊन बसतात.

नळी कोणीही हलवत नाही. मोटर नाही, गिंबल (तोल सांभाळणारी फिरती बैठक) नाही. रायफल हलते ती जवानाच्या हातांनीच. यंत्राच्या हातात एवढंच आहे की ट्रिगर दाबलेला असला तरी गोळी अडवून धरायची आणि नळी योग्य जागेवरून जाते त्या क्षणी सोडायची. ही युक्ती रणगाड्यांत जुनी आहे. तिथे गनरची साइट स्थिर असते, तोफ तिच्या मागे मागे येत असते आणि दोघी जुळल्याशिवाय गोळा सुटत नाही. स्मॅशने तीच गोष्ट किलोच्या आसपासच्या डब्यात बसवली. त्या डब्यात कॅमेरा, संगणक आणि समोरचं खरं दृश्य दिसू देणारी काच असते. जोडीला बदललेली मूठ येते, आणि गोळी अडवणारी विजेची कडी त्या मुठीत असते. मूठ बदलणं हा बसवणीचा अर्धा भाग आहे. नुसती साइट रेलवर, म्हणजे रायफलीच्या वरच्या खाचांच्या पट्टीवर, चढवून काम होत नाही.

वापरायची रीत अशी. रायफल आणि काडतूस कोणतं ते साइटला सांगायचं. लक्ष्याचा प्रकार निवडायचा: स्थिर, हलतं की ड्रोन. काचेतून बघून लक्ष्य चौकटीत आणायचं, बटण दाबून पकडायचं. साइट त्याच्याभोवती खूण करते आणि ती खूण त्याच्यासोबत हलू लागते. मग ट्रिगर दाबायचा आणि दाबून धरायचा. साइट पुढचा बिंदू काढते, नळी त्या बिंदूवरून गेली की गोळी सुटते. ट्रिगर सोडला की सगळं रद्द.

'दाबून धरायचा' या दोन शब्दांत प्रशिक्षणाची निम्मी डोकेदुखी आहे. जवानाला वर्षानुवर्षं शिकवलेलं असतं की ट्रिगर हळूच ओढ, गोळी सुटल्याचं तुलाच आश्चर्य वाटलं पाहिजे. इथे ट्रिगर शेवटपर्यंत जातो आणि काहीच होत नाही. पहिली प्रतिक्रिया असते 'अडकली', दुसरी ट्रिगर सोडून पुन्हा दाबायची. दोन्ही चुकीच्या. त्याहून वाईट सवय म्हणजे गोळी सुटत नाही म्हणून रायफल झटके देत बिंदूवर ढकलायची. नळी बिंदूवरून जितक्या वेगात जाईल तितकी अचूकता घटते, कारण कडी सुटल्यापासून हातोडी पडून पिन काडतुसावर आदळेपर्यंत काही मिलिसेकंद जातात आणि तेवढ्यात नळी पुढे निघून गेलेली असते. धाप लागलेल्या माणसाच्या हातातली उभ्याने धरलेली रायफल शंभर मीटरवर सहज अर्धा मीटर आठचा आकडा काढत फिरते. या फिरण्याला साइट विरोध करत नाही, ती त्याचाच फायदा घेते. म्हणून शांतपणे, संथ फिरवणाऱ्याला ती चांगली साथ देते. घाबरून झगडणाऱ्याला ती गोळीच देत नाही.

आता मुख्य मुद्दा, लक्ष्य शोधण्याचा. जाहिरातीत 'ओळखते' हा शब्द सैलपणे वापरला जातो. १९५८ मध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या जॉन जॉन्सन यांनी मांडलेला निकष अजून उपयोगी आहे. 'काहीतरी आहे' हे कळायला लक्ष्यावर काळ्या-पांढऱ्या रेघांची एक जोडी मावली पाहिजे, 'काय प्रकार आहे' हे कळायला चार, आणि 'नेमकं कोणतं' हे कळायला सहाहून थोड्या जास्त. कॅमेऱ्याच्या भाषेत ढोबळमानाने दोन, आठ आणि तेरा पिक्सेल. हा निकष माणसाच्या डोळ्यासाठी होता, संगणकाचं गणित थोडं वेगळं. पण खरेदीदाराला फसवणूक ओळखायला एवढं पुरतं.

उदाहरणार्थ, १० अंश रुंद दृश्य आणि आडवे १९२० पिक्सेल असलेला कॅमेरा घेऊ. दोनशे मीटरवर एक पिक्सेल म्हणजे १.८ सेंटिमीटर, तर ड्रोनवर १९ पिक्सेल. झकास. पाचशे मीटरवर तोच ड्रोन आठ पिक्सेलचा ठिपका. आता रात्रीचा, उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा घ्या: ६४० आडवे पिक्सेल, सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल १२ मायक्रॉनचा, २५ मिमी भिंग. शंभर मीटरवर ड्रोनला सात पिक्सेल मिळतात, दोनशेवर जेमतेम साडेतीन. म्हणजे दिवसाच्या कॅमेऱ्याला जो ड्रोन स्पष्ट दिसतो, तो रात्री दोनशे मीटरवर 'काहीतरी आहे' एवढाच. घार की ड्रोन, हे अशा ठिपक्यावरून सांगणारं सॉफ्टवेअर कोणी विकायला आलं तर त्याला आधी पिक्सेल मोजायला सांगावं. विक्रेत्याने नुसतं 'एक किलोमीटरवरून दिसतं' म्हटलं तर 'किती पिक्सेल?' एवढा एकच प्रश्न विचारावा. उत्तर आलं नाही, तर चहा घेऊन उठावं.

स्थिर कॅमेऱ्याला हललेली वस्तू शोधणं सोपं, कारण मागचं चित्र तसंच राहतं. हातातल्या रायफलीवर मागचं चित्रच सतत पळत असतं. मोबाइलवर पूर्ण झूम करून लग्नाच्या मांडवातला लांबचा पाहुणा टिपायचा प्रयत्न केलेल्या माणसाला हे सांगायला नको. आधी रायफलीची हालचाल वजा करायची, मग उरलेल्या हालचालीत लक्ष्य शोधायचं. निळ्या आभाळासमोर हे काम निर्विघ्न होतं. ड्रोन झाडांच्या रांगेसमोर उतरला की पानंही हलतात, फांद्यांमधून ऊन लकलकतं आणि खूण ड्रोन सोडून एखाद्या पानाच्या झुपक्याला चिकटते. खूण निसटली तर निदान दिसतं. ती गुपचूप दुसऱ्यावर बसली तर दिसत नाही. म्हणून ड्रोनच्या चाचण्या मोकळ्या मैदानात आभाळासमोर घेऊन समाधान मानू नये. मागे झाडं हवीत, इमारत हवी, सूर्य समोर हवा, आणि दोन ड्रोन एकमेकांना ओलांडून जायला हवेत. ओलांडल्यावर खूण कोणावर राहिली ते बघावं.

कॅमेऱ्याचा वेगही बघायला हवा. सेकंदाला ३० चित्रं म्हणजे दोन चित्रांत ३३ मिलिसेकंद. तेवढ्यात आपला ड्रोन अर्धा मीटर जातो. ही दिरंगाई कायम असेल तर गणितात धरता येते. संगणकावर ताण आला की कमीजास्त होत असेल तर नाही.

अंतराची चूक मात्र लोकांच्या ध्यानात येत नाही. ड्रोन आडवा किती झपाट्याने सरकतोय हे चित्रावरून कळतं, अंतर ठाऊक नसलं तरी. पण गोळीला तिथे पोचायला किती वेळ लागेल, ते अंतराशिवाय सांगता येत नाही. शंभर समजून १२० मीटरवर मारलं, तर वेळेत ०.०३ सेकंदाचा फरक पडतो आणि ड्रोन त्यात ४५ सेंटिमीटर सरकतो. म्हणजे वीस मीटरच्या चुकीला बरोबर एक हातभर चूक. ड्रोन स्वतः ३५ सेंटिमीटरचा, तेव्हा गोळी साफ मागून गेली. जवळ येणाऱ्या ड्रोनवर ही चूक झाकली जाते, कारण आडवी हालचालच कमी असते. प्रात्यक्षिकात ड्रोन बहुतेक वेळा समोरूनच येतो किंवा जागच्या जागी घिरट्या घालतो, हा योगायोग समजू नये.

आणि एवढं सगळं बरोबर झालं तरी रायफल स्वतः किती पसरवते? एक मिनिट कोन, म्हणजे अंशाचा साठावा भाग, शंभर मीटरवर २.९ सेंटिमीटर होतो. चार मिनिटांची सामान्य रायफल शंभर मीटरवर साडेअकरा सेंटिमीटरमध्ये गोळ्यांचा गट मारते, दोनशेवर २३. ड्रोनचा बराचसा भाग म्हणजे चार दांड्या आणि मोकळी हवा. मधला डबा लहानच. सॉफ्टवेअरला हा पसारा कमी करता येत नाही. साध्या रायफलीवर वीस लाखांची साइट बसवून 'एक गोळी, एक ड्रोन' मागणं म्हणजे बैलगाडीला विमानाचा वेगमापक लावणं. २०२० च्या घोषणेत कंपनीने वेगात जाणाऱ्या ड्रोनसाठी १२० मीटरपर्यंतचा आकडा दिला होता. वरच्या हिशेबानंतर तो आकडा प्रामाणिक वाटतो, आणि याबद्दल कंपनीला गुण द्यायला हवेत.

बसवणीतल्या चुका साध्या असतात आणि त्याच जास्त नडतात. जुन्या एकेचं वरचं पत्र्याचं झाकण डुगडुगतं. त्यावर साइट बसवली तर झिरो, म्हणजे साइट आणि गोळी यांचा जुळवलेला नेम, टिकणार नाही, कितीही वेळा केला तरी. एके-२०० मालिकेत बिजागरीचं घट्ट झाकण आणि त्यावरच रेल आहे, म्हणून तिथे जमतं. रेलचे नट ठरलेल्या जोरानेच आवळायचे, पान्याला अंदाज नसतो. झिरो केल्यावर साइट एकदा काढून पुन्हा चढवायची आणि परत पाच गोळ्या मारून बघायच्या. गट सरकला असेल तर दोष साइटच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधू नये. काडतुसाचा प्रकार बदलला की यादीतला प्रकारही बदलायला हवा. ५.५६ ची गोळी शंभर मीटरला ०.१२ सेकंद घेते, ७.६२×३९ ची ०.१५. चुकीचा प्रकार निवडून मारलं की पुन्हा तीच हातभर चूक.

जहाजावर या सगळ्यात डेकच्या हेलकाव्याची भर पडते. क्षितिज वरखाली होतं, काचेवर खारं पाणी बसतं, आणि सुकलं की पांढरा पापुद्रा धरतं. कॅमेऱ्याला तो पापुद्रा म्हणजे धुकंच. कोकणच्या पावसाळ्यात भिंगावरचा एक थेंबही खूण ओढून नेऊ शकतो. गोड्या पाण्याची बाटली आणि मऊ फडकं हे इथे सुटे भाग समजावेत. तरी नौदलासाठी या साइटचा एक फायदा जमिनीवरल्यापेक्षा मोठा आहे. मुंबईच्या नौदल गोदीच्या पाठीला शहर आहे. वर मारलेली आणि चुकलेली ७.६२ ची गोळी दोन किलोमीटरपुढेही जाऊन पडू शकते. तिथे अख्खं मॅगझिन आभाळात रिकामं करण्यापेक्षा, जुळल्याशिवाय न सुटणारी एकेक गोळी कधीही परवडली.

तुलनेला दोन वस्तू. पहिली अमेरिकेतल्या टेक्सासची ट्रॅकिंगपॉइंट. २०११ ची कंपनी, २०१३ मध्ये वीस हजार डॉलरपुढच्या किमतीची शिकारी रायफल बाजारात आली. तत्त्व तेच: बटणाने खूण करायची, ट्रिगर ओढून धरायचा, नळी खुणेवर आली की गोळी. अंतर, उतार, तापमान सगळं ती मोजायची, फक्त वारा मोजायची नाही. तो माणसाने बघून भरायचा. लांबच्या नेमबाजीत सगळ्यात अवघड काम वाऱ्याचंच. म्हणजे परीक्षेत सोपे प्रश्न तिने सोडवले आणि अवघड गिऱ्हाइकाकडे ठेवला. २०१५ च्या ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत रुना सँडविक आणि मायकेल ऑगर यांनी तिच्या वायफायमधून शिरून गोळीचं वजन ७२ पौंड असल्याचं तिला पटवलं, आणि गोळी अडीच फूट बाजूला गेली. गोळी आपोआप झाडता मात्र आली नाही, कारण ट्रिगर बोटानेच ओढावा लागायचा. यातून घ्यायचा धडा खरेदीच्या यादीत एका ओळीत बसतो: साइटला कोणतंही बिनतारी दार असेल तर ते उघडं कोण करू शकतं, हे लेखी मागा.

दुसरी व्हॉर्टेक्स कंपनीची एक्सएम १५७. अमेरिकी लष्कराचं जानेवारी २०२२ चं कंत्राट, दहा वर्षांत अडीच लाखांपर्यंत साइट, कमाल २७० कोटी डॉलर. म्हणजे नगाला जास्तीत जास्त अकरा हजार डॉलरच्या आत. एकपट ते आठपट दुर्बीण, लेसरने अंतर, हवेचा दाब-तापमान मोजून पडद्यावर नेमाचा ठिपका. ती लक्ष्य शोधत नाही आणि गोळी अडवतही नाही. ठिपका दाखवते, बाकी तुम्ही बघा. साधेपणामुळे ती टिकाऊ ठरेल असं वाटलं होतं. पण अमेरिकी संरक्षण खात्याच्या चाचणी कार्यालयाच्या २०२४ या आर्थिक वर्षाच्या अहवालात जवानांनी वापरसुलभतेला सरासरीहून कमी गुण दिले, आणि ७२ तासांची मोहीम मोठ्या बिघाडाशिवाय पार पडण्याची शक्यता कमी असल्याचं नोंदलं. लेसर आणि गणक एवढंच असलेल्या डब्याची ही कथा, तर कॅमेरा, संगणक आणि विजेची कडी असलेल्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते आपलं आपण ठरवावं.

किंमत. ब्रिटिश कंत्राट २२५ ने भागलं तर नगाला वीस हजार पौंडांपुढे जातं. कंत्राटात नुसत्या साइट नसतात, तेव्हा हा आकडा ढोबळ. तरी वीस लाख रुपयांची बात आहे आणि रायफल तिच्यापुढे किरकोळ खर्च वाटते. प्रत्येक जवानाला देण्याची ही वस्तू नाही. सेक्शनमागे (दहाएक जवानांच्या तुकडीमागे) एक-दोन, गोदीच्या किंवा तळाच्या पहाऱ्यावर डोळ्यात तेल घालून बसलेल्यांना, हे पटतं.

एक खटकणारी बाब. चौकट ड्रोनभोवती बसते तशीच माणसाभोवतीही बसते. २०२२ मध्ये वेस्ट बँकमधल्या हेब्रॉनच्या एका नाक्यावर याच कंपनीची दुरून चालवायची यंत्रणा बसवल्याच्या बातम्या आल्या; ती अश्रुधूर आणि स्पंजाच्या गोळ्यांसाठी होती. पंधरा-वीस पिक्सेलमध्ये माणूस आहे हे यंत्राला कळतं, त्याच्या हातात काठी आहे, बंदूक आहे की पोर आहे, हे नाही. बटण दाबणारा माणूस मध्ये ठेवलाय हे खरं, पण एकदा खूण बसली की ती खात्रीसारखी दिसते. प्रशिक्षणात याला वेगळा तास हवा, आणि तो बहुतेक ठिकाणी नसेल.

गुण द्यायचे तर आडव्या जाणाऱ्या लहान ड्रोनवर १२० मीटरपर्यंत, दिवसा, प्रशिक्षित हातात: दहापैकी आठ. झाडांसमोर सहा. रात्री दोनशे मीटरवर तीन. आणि चाचणीला जाल तेव्हा पहिलं काम बॅटरी काढायचं. काचेतून नुसता नेम धरता येतो का, मुठीतली कडी आपोआप मोकळी होते का, आणि ट्रिगर नेहमीसारखा चालतो का, हे बघून मगच बॅटरी घालावी. एफपीव्ही ड्रोन (ड्रोनवरच्या कॅमेऱ्यातून बघत उडवले जाणारे) ताशी शंभर किलोमीटरच्या वर सहज जातात. १२० मीटरवर दिसलेला असा ड्रोन डोक्यावर यायला चार सेकंद लागतात, आणि लक्ष्याचा प्रकार निवडायचा, चौकटीत आणायचं, बटण दाबायचं, ट्रिगर दाबून धरायचा, हे सगळं त्या चार सेकंदांत बसवायचंय.